भाऊ कोल्हापूरचा नियम सांगतो, फ्लॅट अनगोळात आहे: चार्जिंग पॉइंट मागायचा कसा?

पत्र

नमस्कार दादा. बेळगावात अनगोळला १८ फ्लॅटच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये आम्ही टू बीएचके बघितलाय. संचकार म्हणून थोडे पैसे दिलेत, ॲग्रीमेंट अजून व्हायचंय. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकून झालाय. ह्यांच्याकडं इलेक्ट्रिक स्कूटर आहे, रोज उद्यमबागला कामाला त्याच्यावरूनच जातात, आणि दोनेक वर्षांत लहान इलेक्ट्रिक कार घ्यायचा विचार आहे. बिल्डरना पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय विचारली तर म्हणाले, "नंतर बघू, तुमच्या मीटरवरून वायर ओढून घ्या." कोल्हापूरचा माझा भाऊ म्हणतो की हा कायदाच आहे, द्यावंच लागतं, सोडू नको. हे म्हणतात बिल्डर ओळखीतला आहे, कशाला वाकडं घ्यायचं. त्यात बुकिंग केलेल्या दुसऱ्या एका कुटुंबानं आत्ताच सांगितलंय की पार्किंगमध्ये असली गाडी चार्ज करायला आमचा विरोध राहील, आग लागते. सगळे आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि मी मधेच अडकलेय. काय करू?
— एक वाचक भगिनी, अनगोळ

उत्तर

ताई, पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं ते एका वाक्यामुळं, तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकून झालाय ह्या. म्हणजे प्लास्टर नाही, पार्किंगची फरशी नाही, मीटर रूमचं पॅनेल बसलेलं नाही. तुम्ही अगदी वेळेत विचारलंय. हेच पत्र घरभरणी झाल्यावर आलं असतं तर मला फार वेगळं उत्तर लिहावं लागलं असतं, कारण आज जे काम पीव्हीसी पाइपच्या चार लांबींत होतंय तेच नंतर ब्रेकर लावून फरशी फोडून करावं लागतं आणि त्याला १८ घरांची संमती गोळा करत बसावं लागतं.

आधी भावाचं बघू. तो खोटं काही सांगत नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात नव्या निवासी प्रकल्पात निदान २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार पाहिजे असं आहे, आणि २०२५ च्या नव्या धोरणात ते आणखी वाढवलंय. पण ते महाराष्ट्राचं. तुमच्या बिल्डिंगचा प्लॅन कर्नाटकात पास झालाय, वीज हेस्कॉम देणार, तक्रार करायची वेळ आली तर कर्नाटकच्या रेराकडं, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडं, जायचं. आपल्याकडं हा गोंधळ फार होतो आणि त्यात भावाचा दोष नाही, तुमचाही नाही. आपण बातम्या मराठीत वाचतो, व्हिडिओ पुण्या-कोल्हापूरचे बघतो, पाहुणे निम्मे पलीकडचे, त्यामुळं मराठीत जे काही कायद्याचं कानावर येतं ते बहुतेक महाराष्ट्राचं असतं, आणि ते घेऊन आपण इथल्या ऑफिसात गेलो की समोरचा माणूस एका वाक्यात आपल्याला गप्प करतो. मग आपल्याला वाटतं की आपल्याला काही हक्कच नाही. हे माझ्या डोळ्यासमोर कितीतरी जणांचं झालंय म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय. बिल्डरसमोर महाराष्ट्राचं धोरण काढू नका. पहिल्याच बैठकीत तुमची बाजू पडेल आणि मग तुमचं बाकीचं खरं असलेलंही कुणी ऐकणार नाही.

आपल्याकडं काय आहे? कर्नाटकानं तर देशात पहिल्यांदा, २०१७ साली, विद्युत वाहनांचं स्वतंत्र धोरण काढलं आणि त्यातच बांधकामाच्या उपविधींमध्ये बदल करून उंच इमारती, टेक्नॉलॉजी पार्क, अपार्टमेंट इथं चार्जिंगची सोय सक्तीची करायची असं लिहिलं. नंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी कामकाज मंत्रालयानं २०१६ चे नमुना बांधकाम उपविधी सुधारले. त्यात पार्किंगच्या क्षमतेच्या २० टक्के जागा चार्जिंगसाठी, आणि सगळे पॉइंट एकाच वेळी चालू झाले तरी पुरेल एवढा विजेचा लोड, वर सव्वापट धरून. ह्यातला "नमुना" हा शब्द मात्र लक्षात ठेवा. केंद्र नमुना देतं, राज्य आणि तिथली स्थानिक संस्था तो आपल्या नियमात घेतात, आणि शेवटी तुमच्या बिल्डरला बांधतो तो त्याच्या प्लॅनला मंजुरी देताना घातलेल्या अटींचा कागद. तुमच्या बिल्डिंगला किती पॉइंट लागू होतात हे भावानं, मी किंवा बिल्डरनं तोंडानं सांगून ठरत नाही, ते त्या कागदावर आणि मंजूर नकाशाच्या पार्किंगच्या पानावर असतं.

म्हणून पहिलं काम, तो कागद हातात घ्या. आणि हे मागायला बिल्डरच्या पाया पडायची गरज नाही. तुमची बिल्डिंग १८ फ्लॅटची आहे, रेरा कायदा ५०० चौरस मीटरच्या वरच्या जागेला किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटना लागू होतो, तेव्हा तुमचा प्रकल्प रेरात नोंद असलाच पाहिजे. नोंदणी नंबर विचारा, कर्नाटक रेराच्या वेबसाइटवर घाला, मंजूर प्लॅन आणि बाकीची कागदं तिथंच बघायला मिळतात. कायद्याच्या कलम १९ प्रमाणं मंजूर प्लॅन आणि त्याचे तपशील मिळवणं हा घेणाऱ्याचा हक्कच आहे. नंबरच नाही म्हणाले तर मग चार्जिंगचं राहू दे, तिथं एक रुपयाही पुढं देऊ नका.

प्लॅन नीट दिसत नसेल, मंजुरीच्या अटींचं पान नसेल, तर ज्या ऑफिसनं मंजुरी दिलीय, महानगरपालिका असो की बुडा (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण), तिथं माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा सगळं रामायण लिहू नका, फक्त सर्व्हे नंबर, परवान्याचा नंबर, आणि "मंजूर नकाशा, मंजुरीच्या सर्व अटी व पार्किंगमधील विद्युत वाहन चार्जिंगसाठी दाखवलेली जागा यांच्या प्रती" एवढंच. आणि हा अर्ज मराठीत देऊ नका ताई, मलाही हे लिहिताना बरं वाटत नाही, पण कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं लिहिलंय, म्हणजे आपल्याकडं इंग्रजी, हिंदी नाहीतर कानडी. भाषेवरून अर्ज परत येऊन महिना वाया जायला नको. मिळालेला कागद कानडीत असेल तर अंदाजानं वाचू नका. ज्याला कानडी लिखापढी चांगली येते अशा माणसाकडून, वकिलाचा क्लार्क असेल, बँकेतला कुणी ओळखीचा असेल, ओळ ना ओळ वाचून घ्या, आणि प्रत्येक अटीखाली पेन्सिलनं मराठीत अर्थ लिहून ठेवा. मी स्वतः हे करतो. अर्धा तास जातो आणि पुढची पाच वर्षं शांत जातात.

आता बिल्डरकडं मागायचं काय. इथं बहुतेक लोक चुकतात, जाऊन म्हणतात "चार्जर बसवून द्या". चार्जर मागू नका. चार्जर तुम्ही कार घ्याल तेव्हा कंपनी बहुतेक कारसोबत देतेच, मॉडेल बदलतात, आज भिंतीवर बसवलेला डबा दोन वर्षं वापराविना धूळ खाईल. तुम्ही मागायचं ते भिंतीच्या आतलं आणि फरशीच्या खालचं. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत रिकामा पाइप, ज्यातून उद्या सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आरामात ओढता येईल एवढ्या जाडीचा, आत ओढायची तार घालून ठेवलेला. मीटर पॅनेलमध्ये जादा मीटर बसेल एवढी मोकळी जागा. आणि अर्थिंग, खरंखुरं अर्थिंग, कागदावरचं नव्हे. आपल्याकडं अर्थिंग म्हणजे मीठ-कोळसा घालून पट्टी पुरली की झालं असं समजतात, नंतर कोण बघत नाही, पण इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर अर्थिंग बरोबर नसेल तर सुरूच होत नाही, लाल लाइट दाखवून बसतो. म्हणजे गाडी आली, चार्जर आला, केबल आली आणि सगळं जिथल्या तिथं. अर्थ टेस्टरनं मोजून रीडिंग लिहून द्यायला सांगा, लायसन असलेल्या इलेक्ट्रिकल कंत्राटदाराला हे पाच मिनिटांचं काम आहे.

लोडचा हिशोब तुम्हीच करून न्या, म्हणजे बोलणं हवेत राहत नाही. समजा १८ कारची पार्किंग आहे. २० टक्के म्हणजे साडेतीनच्या वर, चार धरू. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटला ३.३ किलोवॅट धरतात, चार पॉइंटचे १३.२, त्याला सव्वापट केलं की साडेसोळा किलोवॅट. एवढंच. सगळ्या बिल्डिंगच्या लोडपुढं हा काही डोंगर नाही, लिफ्ट आणि पाण्याच्या मोटारी ज्यानं हिशोबात धरल्यात त्याला साडेसोळा किलोवॅट जड जाऊ नये. पण हे टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवायच्या आधी हेस्कॉमला दिलेल्या अर्जात यायला पाहिजे, टीसी बसला की मग त्याची क्षमता वाढवायची म्हणजे पुन्हा एस्टिमेट, पुन्हा पैसे, आणि ते पैसे तेव्हा बिल्डर नाही, तुम्ही १८ जण भरणार. उलट बाजूनंही सावध राहा, तुमच्या स्वतःच्या मीटरचा सँक्शन लोड आत्ताच फुगवून घेऊ नका, कारण फिक्स चार्ज किलोवॅटमागे दर महिन्याला लागतो, गाडी नसताना तो कशाला भरायचा. बिल्डिंगची क्षमता आत्ता, तुमचा लोड गाडी आल्यावर.

"तुमच्या मीटरवरून वायर ओढून घ्या" हे जे बिल्डर म्हणाले त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. आमच्या बिल्डिंगमध्ये अगदी हेच झालं. बांधताना कुणी पाइप टाकला नाही, कुणाला सुचलंही नाही, तेव्हा अशा गाड्याच नव्हत्या. मग वरच्या मजल्यावरच्या एकानं स्कूटर घेतली आणि गॅलरीतून खाली पार्किंगपर्यंत वायर सोडली, मधे लांबी पुरली नाही म्हणून जोड दिला, वर काळी टेप गुंडाळली. जुलैचा पाऊस, आपल्याकडचा, चार-चार दिवस सूर्य दिसत नाही असला. एका रात्री जळका वास यायला लागला, खाली जाऊन बघतो तर जोड तापून टेप वितळत होती आणि खाली त्याच पायरीवर पाण्याचा ओघळ. कुणाला काही झालं नाही. पण सकाळी शाळेला जाणारी पोरं त्याच पायरीवरून जातात हे डोक्यातनं जाईना. नंतर पाइप घालायचा ठरला तर रॅम्प फोडायचा का, खर्च कुणी करायचा, ज्याची गाडी नाही त्यानं का द्यायचा, आठ महिने वाद चालला, दोन घरांचं बोलणं बंद झालं ते अजून नीट झालेलं नाही. मी त्या वादात होतो, आणि सुरुवातीला "वायर सोडली तर काय होतंय" म्हणणाऱ्यांत मीही होतो. चूक झाली माझी.

आणि नियमही सरळ आहे. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी अथॉरिटीच्या सुरक्षा नियमांत चार्जिंगसाठी एक्स्टेन्शन वायर चालत नाही, प्रत्येक पॉइंटला त्याची स्वतःची वेगळी सर्किट लाइन पाहिजे, ३० मिलिअँपिअरवर तुटणारं लीकेज संरक्षण पाहिजे, त्याला आपले वायरमन आरसीसीबी म्हणतात. सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर वर, म्हणजे साधारण कमरेएवढ्या उंचीवर, आणि गाडी उभी केल्यावर तिचं तोंड पॉइंटपासून पाच मीटरच्या आत. अनगोळ-वडगावच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला ही ८०० मिलिमीटरची अट का आहे हे वेगळं समजावून सांगायला नको, बळ्ळारी नाल्याच्या बाजूचं शिवार दर पावसाळ्यात कसं तुंबतं ते तुम्ही बघता, आणि ऑगस्ट २०१९ चा पूर तर कुणीच विसरलेलं नाही. तुमचं पार्किंग रस्त्याच्या पातळीखाली असेल तर मी म्हणेन सॉकेट आणखी वर घ्या, आणि मीटर रूम खाली नको म्हणून आत्ताच भांडा, हो, ह्या एका गोष्टीसाठी भांडा.

आता एक गोष्ट जी बिल्डर सांगणार नाही, भाऊ तर सांगूच शकणार नाही कारण त्यांच्याकडं ती नाही. गृहज्योती, कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना. घरगुती मीटरला २०० युनिटपर्यंत वीज माफ आहे, पण ती प्रत्येकाला सरसकट २०० नव्हे, तुमच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी भर घालून जेवढे युनिट ठरतात तेवढे माफ, त्याच्या वर पण २०० च्या आत गेलात तर वरच्या युनिटचे पैसे, आणि महिन्याला २०० ओलांडले की पूर्ण बिल तुमच्या अंगावर. आता हिशोब लावा. ह्यांच्या स्कूटरला काही होत नाही, रोजचे २५ किलोमीटर धरले तरी दिवसाला एक युनिटच्या आसपास, महिन्याचे तीसेक. पण लहान कार एका युनिटमध्ये सातेक किलोमीटर जाते असं धरा, महिन्याला हजार किलोमीटर फिरलात, चार वेळा कोल्हापूरला भावाकडं जाऊन आलात तरी जवळजवळ तेवढे होतात, तर १४० युनिट. घरचे ११० असतील तर झाले २५०. म्हणजे गाडीच्या १४० युनिटपायी घरच्या ११० ची माफीही गेली. नवीन घर म्हणजे नवीन मीटर, नवीन आरआर नंबर (वीज ग्राहकाचा क्रमांक), जुन्या वापराची नोंद नाही, त्यामुळं सुरुवातीला माफ युनिटही कमीच बसतात. हे सगळं लोकांना पहिलं बिल हातात आल्यावर कळतं आणि मग गाडीलाच शिव्या बसतात.

ह्यावरचा उपाय कायद्यात आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांचे २०२० चे केंद्राचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारले, त्यात गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला वेगळं कनेक्शन मागता येतं असं स्पष्ट लिहिलंय, आणि नवीन कनेक्शनची मुदतही कमी केलीय, महानगर सोडून बाकीच्या पालिका हद्दीत सात दिवस, ग्रामीण भागात १५. घरच्या आहे त्या मीटरवर चार्ज करायलाही बंदी नाही, ते तर पूर्ण मोकळं आहे. म्हणजे स्कूटर आहे तोवर घरच्या मीटरवरून योग्य लाइन टाकून चालवा, कार आली की वेगळा मीटर घ्या. मीटर पॅनेलमध्ये मोकळी जागा मागा असं वर लिहिलं ते ह्याचसाठी. जागाच नसेल तर कायदा हक्क देतो पण मीटर लावायचा कुठं?

ह्यांचं म्हणणं मी टाळणार नाही. बिल्डर ओळखीतला आहे, गावात रोज तोंड दिसतं, लग्नाकार्यात भेट होते, अशा माणसाशी कागदाची भाषा बोलायची म्हणजे आपल्याला अवघड वाटतं, आणि त्यात मला तुमच्या मालकांचा भित्रेपणा अजिबात दिसत नाही, आपली माणसं जपणारा माणूस असाच वागतो. पण ओळख असली की लिहून घ्यायचं नाही हे मात्र उलटं झालं. ओळख आहे म्हणूनच लिहून घ्या, म्हणजे उद्या आठवणीवरून भांडण होणार नाही. आणि जायचं ते दोघांनी मिळून, तुम्ही एकट्या नको, ते एकटे नकोत. असं बोला: "आम्हाला चार्जर नको, खर्चात पाडायचं नाही तुम्हाला. प्लास्टरच्या आधी मीटर रूमपासून आमच्या पार्किंगपर्यंत पाइप, पॅनेलमध्ये जागा आणि अर्थिंगचं रीडिंग, एवढं ॲग्रीमेंटच्या तपशिलात लिहा. पाइपचे पैसे आमचे आम्ही देतो म्हटलं तरी चालेल." शेवटचं वाक्य मुद्दाम सांगतोय, एका पार्किंगच्या पाइपचा खर्च फ्लॅटच्या किमतीपुढं काहीच नसतो, आणि तुम्ही द्यायला तयार आहात म्हटल्यावर नाही म्हणायला त्यांच्याकडं कारण उरत नाही. मात्र मंजुरीच्या अटीतच चार्जिंगची जागा असेल तर ते पैसे द्यायची काही गरज नाही, ते त्यांचं देणं आहे, म्हणून आधी कागद बघा मग बोला, हा क्रम उलटा करू नका.

ॲग्रीमेंट झालेलं नाही ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट. रेराप्रमाणं ॲग्रीमेंट फॉर सेल लिहून रजिस्टर केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. संचकार किती दिलाय तुम्ही लिहिलं नाही, पण त्याच्या आत असाल तर तिथंच थांबा. बुकिंगच्या वेळी जे रंगीत ब्रोशर दिलं असेल त्यात "ईव्ही चार्जिंग" असा एक शब्द जरी असला तर ते जपून ठेवा, पोस्टरचा, होर्डिंगचा फोटो काढून ठेवा, जाहिरातीत सांगून नंतर न देणं ह्याला रेराचं कलम १२ लागतं. आणि मंजूर प्लॅनमध्ये दाखवलेली चार्जिंगची जागा नंतर स्टोअर रूम किंवा ऑफिस करायची म्हटली तर दोन तृतीयांश घेणाऱ्यांची लेखी संमती लागते. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांपर्यंत कामातला, सोयींमधला दोष निघाला तर बिल्डरला फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो, त्यात अर्थिंग आलं, वायरिंग आलं. ही पानं बिल्डरला दाखवायला नव्हेत, तुम्हाला रात्री झोप लागावी म्हणून सांगितली.

राहिलं ते आगीला घाबरणारं कुटुंब. त्यांना वेड्यात काढू नका, स्कूटर जळाल्याचे व्हिडिओ त्यांनीही बघितलेत आणि भीती खोटी नाही. त्या आगींनंतरच बॅटरीचे नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत एआयएस-१५६ हा बॅटरीच्या सुरक्षेचा सुधारित नियम लागू झाला. तुमची स्कूटर त्याच्या आधीची का नंतरची ते बघून घ्या, आधीची असेल तर त्यांच्यासमोर मान्य करा आणि बॅटरीची कंपनीकडून तपासणी करून आणा. पण त्यांना शांतपणे एवढं दाखवा की नीट पॉइंट नसेल तर लोक चार्जिंग करायचं थांबत नाहीत, लोंबत्या वायरीवर करतात, नाहीतर बॅटरी काढून जिन्यानं वर नेऊन बेडरूममध्ये लावतात. म्हणजे विरोध केल्यानं धोका जात नाही, जिन्यात आणि घरात शिरतो. पॉइंट जिन्यापासून, मीटर रूमपासून आणि जनरेटरच्या डिझेलपासून लांब, मोकळी हवा असलेल्या कडेच्या पार्किंगला असावेत असं तुम्हीच सुचवा, त्यांची सूचना म्हणून नकाशावर खूण करा. जमलं तर त्यांना आमच्या जळक्या जोडाची गोष्ट सांगा.

आणि सगळ्या १८ जणांनी मिळून सामायिक पॉइंट घ्यायचा का ज्याचा त्यानं, हा वाद पुढं येईलच. माझं मत विचाराल तर कारसाठी ज्याचा त्याचा मीटर आणि स्कूटरसाठी दोन सामायिक पॉइंट, सबमीटर लावून. आपल्या गावात कारपेक्षा दुचाकीच जास्त येणार, भाडेकरूंच्या असणार, शिकणाऱ्या मुलींच्या असणार, त्यांना पार्किंगचा हक्क कागदावर नसतो आणि चार्जिंगचं कुणी विचारतच नाही. तुमच्या बिल्डिंगमध्ये तेवढं विचारलं जावं असं मला मनापासून वाटतं.

ह्या रविवारी काम बंद असेल तेव्हा दोघं साइटवर जा, सोबत मेजर टेप घ्या. मीटर रूम कुठं येणार ते सुपरवायझरला विचारा, तिथून तुमच्या पार्किंगपर्यंतचं अंतर मोजा, मधे बीम कुठं येतो, पाणी कुठल्या बाजूला साचलंय ते बघा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. सोमवारी ते अंतर घेऊनच बिल्डरकडं बसा. ॲग्रीमेंटचा मसुदा आला की सही करायच्या आधी चार्जिंगचं कलम असलेलं पान मला पाठवा, नाव-पत्ता झाकून, कानडीत असलं तरी चालेल, मी वाचून घेऊन कळवतो.